ए विंग ग्रुप: लॉबी की पॅसेज?

सेक्रेटरी: सर्व सभासदांना सूचना. प्रत्येक मजल्याच्या लॉबीतल्या सायकली, चपलांची कपाटं, कुंड्या रविवारपर्यंत घरात घ्याव्यात. जुलैचा बी फॉर्म, म्हणजे आगीची यंत्रणा ठीक असल्याचा सहामाही दाखला, द्यायचाय, फायरवाला माणूस तपासायला येतोय.

४०२: साहेब, लॉबी म्हणजे खाली वॉचमन बसतो ती. आमच्या मजल्यावर पॅसेज आहे. सूचनेत पॅसेजचं नाव नाही 🙂

३०१: झालं सुरू.

४०२: अहो, लिहिलंय तेच वाचतोय. ५०३ काकू, तुम्ही कॉलेजात इंग्रजी शिकवायचात, तुम्हीच निकाल द्या.

५०३ काकू: देते, पण तुमच्या बाजूने लागेलच असं नाही. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकातला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘लोबिया’ म्हणजे मठातली छप्पर असलेली ये-जा करायची वाट. लॅटिनने तो जर्मन कुळातल्या भाषांकडून उचलला, आणि तिथे त्याचं नातं झाडाच्या पानांशी लावतात. पानाफांद्यांचा आडोसा. ‘लॉज’ आणि इटालियन ‘लोज्जा’ त्याचीच भावंडं. थोडक्यात, वॉचमनच्या खुर्चीचा काही संबंध नाही.

२०४: मग साखर लॉबी, बिल्डर लॉबी कुठून आली? ती पण पानांतून?

५०३ काकू: ती पार्लमेंटमधून. लंडनच्या कॉमन्स सभागृहाबाहेरच्या दालनाला सतराव्या शतकातच लॉबी म्हणत. खासदाराला गाठायचं, कानाशी लागायचं ते तिथे. पुढे जागेचं नाव माणसांना चिकटलं.

२०४: मला फॉरवर्ड आलं होतं, अमेरिकेचे अध्यक्ष ग्रँट हॉटेलच्या लॉबीत सिगार ओढायचे, तिथे कामं घेऊन येणाऱ्यांना त्यांनी लॉबिस्ट नाव दिलं.

५०३ काकू: गोष्ट झकास, पण खोटी. ग्रँट १८६९ मध्ये अध्यक्ष झाले, शब्द त्याआधीच छापून येत होता. असले फॉरवर्ड पुढे ढकलत जाऊ नका रे.

१०१: काकू, कबड्डी राहिली! मैदानाच्या दोन्ही बाजूंना १-१ मीटरचा पट्टा, ती लॉबी. चढाईवाल्याचा कुणाला स्पर्श झाला, झटापट सुरू झाली की मगच ती मैदानात धरतात. त्याआधी पाय पडला तर बाद.

३०१: ४०२ चा पाय कधीच पडलाय.

४०२: 😄 बरं, आपण फॉयर म्हणू. ऐकायला पण भारी.

५०३ काकू: फॉयर फ्रेंच. मुळात त्याचा अर्थ चूल, शेगडी. फायरवाल्यासमोर नका घेऊ ते नाव.

१०४ आजोबा: आमच्या वाड्यात देवडी होती. पण देवडी म्हणजे दिंडी दरवाजाशी, पहारेकरी बसायची जागा. पुढे ओसरी, मागे पडवी. गिरगावात चाळीत आलो तेव्हा या सगळ्याच्या बदल्यात एकच कॉमन गॅलरी मिळाली. तिथे वाळवणं घालायचो, उन्हाळ्यात झोपायचो. अडवली म्हणून कुणी नोटीस नाही काढली.

सेक्रेटरी: आजोबा, ती गॅलरी उघडी होती, धूर कोंडला नसता. आपल्याकडे चौथ्या मजल्यावर एकच जिना आणि वाटेत तीन कपाटं. रात्री लाइट गेलेली असताना स्ट्रेचर काढून दाखवा. २००६ चा राज्याचा आग प्रतिबंधक कायदा आहे, त्याला लॉबी काय न् पॅसेज काय, जायची वाट मोकळी हवी. सूचना बदलतो: “दारापासून जिन्यापर्यंत जे काही आहे ते.”

४०२: मान्य. सायकल जिन्याखाली ठेवली तर चालेल?

सेक्रेटरी: जिन्याखाली मीटर आहेत. नाही.

३०१: गच्चीवर?

सेक्रेटरी: गच्चीचा विषय आज काढू नका.

४०२: मुलाची सायकल द्यायची आहे, २० इंची, गिअर नाही, घंटी चालू. हवी असेल त्यांनी पर्सनलवर सांगा. कपाटाचं बायकोला विचारून कळवतो.