मदत हवी आहे: सासूबाईंच्या पंचाहत्तरीला कोणता सिनेमा? (नाशिक)

मंडळी, पुढच्या महिन्यात सासूबाईंना पंचाहत्तर पूर्ण होतायत. हॉल, केटरर, तुला, सगळ्याला त्यांनी सपशेल नकार दिलाय. "सगळ्यांना घेऊन मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायचाय", एवढंच मागणं. आम्ही इंदिरानगरला, दीर सिन्नरला, नणंद ओझरला. पोरंटोरं धरून अख्खी रांग भरेल. आणि सिनेमा निवडायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात!

अडचण अशी की आईंच्या दोन्ही कानांना मशीन आहे. पार्श्वसंगीताचा दणका सुरू झाला की मशीन सगळंच मोठं करतं आणि संवाद त्यात बुडतात. मग त्या मशीन काढून बटव्यात टाकतात आणि मला कोपराने ढोसून विचारतात, "काय म्हणाला गं तो?" तेही खणखणीत आवाजात. पुढची रांग वळून बघते.

आमच्या घराची आवड कळावी म्हणून २०२५ मध्ये पाहिलेल्यांबद्दल स्पष्टच लिहिते. थोडी गोष्ट फुटेल, आणि कोणाच्या लाडक्या सिनेमाला बोल लागला तर राग मानू नका.

'छावा': विकी कौशलने जीव ओतलाय. अक्षय खन्नाचा औरंगजेब जितका कमी बोलतो तितका जास्त धाक वाटतो. पण लढाईमागून लढाई आणि वर ते संगीत. रहमान मला एरवी आवडतो, इथे नाही. आईंनी शिवाजी सावंतांची कादंबरी वाचलेली आहे. बाहेर पडल्या पडल्या म्हणाल्या, "बुधभूषणसारखा संस्कृत ग्रंथ लिहिणारे संभाजी महाराज यात कुठे दिसले?"

'धुरंधर' आमच्या ह्यांना प्रचंड आवडला. साडेतीन तास, शिवाय प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र, त्यामुळे नववीतली लेक आपोआप बाद. मला अक्षय खन्ना सोडून फार काही आठवत नाही.

'सैयारा'ला लेक रडली, मी घड्याळ बघितलं. ऐन विशीतल्या मुलीला अल्झायमर, आणि त्याचीही गाणी. आईंच्या एका मैत्रिणीला खरोखर हा आजार आहे. "ती तर दहा दहा वेळा गॅस बंद केला का तेच विचारते," एवढंच बोलल्या आणि नंतर घरी येईपर्यंत गप्प. 'जारण'मध्ये अमृता सुभाष जबरदस्त, पण वाढदिवसाला करणी-भानामती नको. नणंदेला हे पटत नाहीये.

'दशावतार'बद्दल माझे दोन तुकडे झालेत. ऐंशी पार केलेले दिलीप प्रभावळकर, डोळे अधू झाले तरी तोंडाला रंग लावणं न सोडणारा त्यांचा बाबुली, मुलाशी चाललेली ती कुरबुर, हे सगळं मी परत परत बघेन. उत्तरार्धात मात्र त्याची सूडकथा होते, आणि खाणवाले असे रंगवलेत की आल्या क्षणी कळतं यांचं काय होणार. मालवणी आमच्या घाटावरच्या कानांना जरा जड गेली. आईंनी तर पदरचेच संवाद घातले.

'आता थांबायचं नाय!' सगळ्यांना एकमताने आवडला, आमच्या घरात हे नवलच. मुंबई महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, एवढीच गोष्ट, पण भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव कुठेही भाव खात नाहीत. शेवटी थोडा उपदेश आहे, तो मी चालवून घेतला.

आणि 'साबर बोंडं'. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक सिनेमांच्या विभागात ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक मिळवून आलेला सिनेमा. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला मुलगा आणि त्याचा लहानपणचा मित्र, दोघांचं प्रेम. आईंना नेऊ की नको, असं मनात चाललं होतं, शेवटी नेलं. पूर्ण वेळ मशीन कानात! दळण, विहीर, बायकांची कुजबुज, सगळं ऐकू आलं म्हणे. मत विचारलं तर म्हणाल्या, "सुतक अगदी खरं दाखवलंय. आणि पोराला आईपासून काही लपवावं लागत नाही, ते बरं." पण शो मिळाला तो भलत्याच वेळेचा. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांचं आपण पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक बांधलंय, आणि मराठी सिनेमा बघायला ऑफिसातून अर्धी रजा टाकायची!

तर विचारायचंय असं: माणसं बोलताना ऐकू येतील, लेकीला चालेल आणि ह्यांना झोप लागणार नाही असा सिनेमा सुचवा. येऊन गेलेला असला तरी चालेल. नाशकात आपल्यापुरता शो लावून देतात का? आणि पायऱ्या कमी चढाव्या लागतील असं थिएटर कुठलं?

पाथर्डीफाटा: बहुतेक मल्टिप्लेक्स खासगी शो देतात. मॅनेजरला भेटा, फोनवर दाद लागत नाही. शनिवार-रविवार सोडून सकाळची वेळ मागा. सिनेमा कुठला लावता येईल ते आधी विचारा, हवा तो मिळेलच असं नाही. 'छावा'बद्दल असहमत, पण काकूंचा बुधभूषणचा मुद्दा बिनतोड.

ध्वनीवाला: ताई, थिएटरमध्ये संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून संगीत, गोंगाट वगैरे. त्यामुळे कडेच्या खुर्च्या टाळा, मधोमध बसवा. मशीन ज्यांच्याकडून घेतलं त्या ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन गोंगाटासाठी वेगळं सेटिंग करून मिळतं का विचारा, बऱ्याच नव्या मशीनमध्ये असतं. शो खासगी असेल तर आवाज कमी करायला आधीच सांगून ठेवा. ऑपरेटरच्या हातातली गोष्ट आहे.

गोदाकाठ: कमी ऐकू येणाऱ्यांसाठी पडद्यावर मजकूर वगैरे सोयी असाव्यात म्हणून माहिती-प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. थिएटरवाल्यांना विचारून तर बघा. 'आता थांबायचं नाय!'च परत लावा की, एकमत झालेला सिनेमा कशाला सोडता?

धागाकर्ती: @ध्वनीवाला, मधोमध बसवायचं हे डोक्यातच आलं नव्हतं. आई बाथरूमला जाणं सोपं म्हणून कडेची खुर्ची मागतात. @गोदाकाठ, पटलं, पण दीर आणि त्यांची मुलं राहिलीयेत बघायची, त्यांना विचारते. पायऱ्यांचं कोणीच लिहिलं नाहीये. गुडघ्यांचाही प्रश्न आहे हो, कॉलेज रोड किंवा सिटी सेंटरच्या बाजूचं कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा. आणि नणंद अजून 'जारण'वरच अडून आहे.