आजोबांची दुनळी: डाव्या नळीचं काय करायचं?

नानाकाका: फोटो टाकलेत, बघा सगळ्यांनी. आजोबांची दुनळी बंदूक झाली एकदाची माझ्या लायसन्सवर. आज तेलाचं फडकं फिरवताना डाव्या नळीवर बोट अडखळलं. तोंडापासून वीतभर मागे, अंगठ्याच्या नखाएवढा पोचा आहे. कोणाला माहीत होता का?

बंटी: आधी सांगा, रिकामी आहे ना?

नानाकाका: दोनदा बघितली. मोडून ठेवलीय.

आत्या: मोडली???

नानाकाका: अगं, बिजागरीतून उघडली. बंदूक उघडण्याला मोडणंच म्हणतात.

अण्णाकाका: पोच्याचं काय एवढं. फॅब्रिकेशनवाल्याकडे दे. वरून वेल्डिंगची भर टाकेल, कानस मारेल, झालं.

दादा: अण्णाकाका, वेल्डिंगचं नाव काढू नका. दोन नळ्या आणि मधली पट्टी कथील-शिशाच्या डाखाने जोडलेल्या असतात. वेल्डिंगच्या आचेने डाख वितळून पट्टी सुटेल, आणि आतला उंचवटा आहे तिथेच राहील. छर्रे आतून जातात, बाहेरून नाही. कानसही नको. पोच्याची कड घासली की तिथला पत्रा अजून पातळ होतो, आणि नेमका तिथेच दाब बसतो.

अण्णाकाका: बरं बाबा. मग शहाण्यांनी सांगावं.

दादा: नानाकाका, नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करा आणि मागून ट्यूबलाइटकडे बघा. आत उजेडाची एकात एक कडी दिसतील. पोच्यापाशी कडं एका बाजूला चेपलेलं दिसतं. पूर्ण गोल काळी सावली असेल तर तो पोचा नाही, फुगवटा आहे.

नानाकाका: चेपलेलंच दिसतंय, चंद्रकोरीसारखं. फरक काय पण?

दादा: जमीन-अस्मानाचा. पोचा बाहेरून मार लागून पडतो. कारागीर बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीच्या मापाचा दट्ट्या आत घालतो, हळूहळू दाब देतो आणि बाहेरून पितळी हातोडीने टिचक्या मारतो. धातू जागेवर येतो. फुगवटा आतून येतो: नळीत चिखल, अडकलेला वॅड (काडतुसातला बुच), किंवा बारा बोअरमध्ये चुकून गेलेलं वीस बोअरचं काडतूस (आकडा मोठा तितकं काडतूस बारीक). ते पुढे घसरून अडकतं आणि मागून बारा बोअरचंही बसतं. वीसची काडतुसं पिवळी करतात ती म्हणूनच. फुगवट्यात धातू ताणून पातळ झालेला असतो. ठोकून बसवतात कधीकधी, पण मला तरी त्या नळीला गाल लावायचं धाडस होणार नाही.

नानाकाका: आणि हे काय? नळीभर लाकडाच्या रेषांसारखी वळणं दिसतायत. गंज असेल तर पॉलिश पेपर मारू?

दादा: थांबा! पेपर बिलकूल मारू नका!! क्लोजअप टाका.

दादा: दमास्कस नळी आहे ही. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, भट्टीत तापवून सांधलेली. दिसतंय ते प्रत्येक वळण म्हणजे एक सांधा. सांध्यात आतून गंज शिरला तर बाहेरून पत्ता लागत नाही. म्हणून आता प्रश्न एकट्या पोच्याचा नाही.

बंटी: म्हणजे उडवायची नाहीच?

दादा: दमास्कस म्हणजे सरसकट बाद असं नाही. नायट्रो, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी प्रूफ झालेल्या (दाबाची चाचणी होऊन शिक्का मिळालेल्या) दमास्कस नळ्याही आहेत. नळ्यांच्या खालच्या अंगाला छापा असतील, त्यांचा फोटो द्या. आणि चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, मोजून घ्या. जुन्या बारा बोअरमध्ये ते बहुतेक ६५ मिमीचं असतं. आजचं ७० चं काडतूस त्यातही आरामात बसतं, कारण घडी घातलेलं तोंड आखूड असतं. उडताना घडी उलगडून पुढच्या अरुंद भागात शिरते आणि दाब चढतो. बसलं म्हणजे चाललं, असं नाही.

नानाकाका: छापा बर्मिंगहॅमच्या आहेत. मुकुट दिसतोय, नायट्रोची छाप कुठे दिसत नाही.

दादा: मग ती जुन्या काळ्या दारूपुरतीच धरा.

अण्णाकाका: टोक कापून टाका ना पोच्यासकट! आखूड बंदूक हाताळायलाही बरी.

दादा: चोक, म्हणजे नळीचा अरुंद केलेला भाग, टोकालाच असतो काका, तो जाईल. शिवाय नळीच्या किमान लांबीचा कायदा असतो. लायसन्सवाल्याने कापाकापीचा विचारही करू नये.

आत्या: नवी नळी मिळत नाही का?

दादा: आत्या, सायकलच्या ट्यूबसारखं नाही ते. मागचं तोंड ॲक्शनला (बंदुकीच्या मधल्या यंत्रणेच्या भागाला) केसभरही फट न ठेवता हाताने बसवावं लागतं, दुसऱ्या बंदुकीची नळी चालत नाही. मधला मार्ग स्लीव्हिंगचा. मागचा तीनेक इंचांचा भाग ठेवायचा, पुढचं कापून नव्या पोलादी नळ्या घालायच्या. ब्रिटनमध्ये त्यानंतर प्रूफ हाउसची चाचणी परत होते आणि ‘स्लीव्हड’ असा शिक्काही मारतात. पण वळणांची नक्षी जाते, मग आजोबांची म्हणायला दस्ता आणि कुलपंच (बार उडवणारी यंत्रणा) उरतात.

नानाकाका: ते नको. मग काय करू?

दादा: लायसन्सधारक गनस्मिथकडून (बंदुकांच्या कारागिराकडून) आधी नळीच्या भिंतीची जाडी मोजून घ्या, पोच्याच्या आजूबाजूला खास. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली असेल तर पोचा उचलायलाही लावू नका, चिरेल. आणि एक घरीच करा: नळ्या दोरीने टांगून लाकडी चमच्याने टिचकी मारा.

नानाकाका: मारली. फुटक्या मडक्यासारखा आवाज येतोय, खर्र्‌.

दादा: डाख सुटलाय कुठेतरी. पट्टीखाली पाणी जाऊन गंज धरला असणार. गनस्मिथला पोच्याआधी हे सांगा. आणि परत रंग द्यायचा झाला तर कॉस्टिकच्या गरम हौदात बुडवू देऊ नका, त्याने उरलासुरला डाखही जाईल.

आत्या: नाना, एक विचारू? पोचा डाव्या नळीच्या बाहेरच्या अंगाला आहे का?

नानाकाका: हो. तुला कसं माहीत?

आत्या: मी नऊ वर्षांची असेन. कपाटामागून काढून शिपाई-शिपाई खेळत होते. माजघराचा दरवाजा वाऱ्याने आपटला, बंदूक मध्ये होती. गुपचूप ठेवून दिली परत.

अण्णाकाका: आणि मार मी खाल्ला होता!!