जर्मनीत कंपनी काढायची आहे, वकील कसा निवडावा?

शिरोली_कास्टिंग

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची नोंदणीकृत भागीदारी फर्म आहे. सीआय आणि एसजी आयर्नची (ओतीव लोखंडाचे दोन प्रकार) कास्टिंग मशिनिंग करून जर्मनीतल्या एका पंप कारखान्याला जातात. आता त्यांचं म्हणणं असं की माल तिथल्याच गोदामातून मिळावा आणि बिलही युरोपातल्या कंपनीचं यावं. म्हणून तिथे जीएमबीएच, म्हणजे तिथली मर्यादित जबाबदारीची खासगी कंपनी, काढायचा विचार चालू आहे.

दोन प्रस्ताव आलेत. एक मुंबईचा सल्लागार. ठोक रकमेत कंपनी, पत्ता, बँक खातं, तिथला संचालक, सगळं करून देतो म्हणतो. दुसरी जर्मनीतली वकिलांची फर्म. त्यांची फी तासावर आहे आणि एकूण किती होईल ते सांगत नाहीत. आमच्या इथल्या वकीलसाहेबांनी परदेशी कायद्यावर सल्ला देणार नाही असं स्पष्ट सांगितलं. वकील पारखायचा कसा, फी कशी ठरवायची आणि इकडच्या बाजूला कोणाला धरायचं, हे जाणकारांनी सांगावं.

राजारामपुरी_सीए

तुमच्या वकिलांनी नकार दिला ते योग्यच केलं. तुम्हाला दोन वेगळी माणसं लागणार: तिथला वकील आणि इथला फेमा (परकीय चलनाचा कायदा) जाणणारा सीए. अडचण बहुतेक वेळा या दोघांच्या मधे होते, कारण जर्मन वकिलाला रिझर्व्ह बँकेचे नियम माहीत नसतात आणि इथल्याला तिथला क्रम माहीत नसतो.

इथली बाजू अशी. परदेशातल्या गुंतवणुकीचे सध्याचे नियम २२ ऑगस्ट २०२२ पासून लागू आहेत. कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) आणि नोंदणीकृत भागीदारी फर्म या तिघांनाही त्यात परवानगी आहे. नेटवर्थच्या (स्वतःच्या निव्वळ भांडवलाच्या) ४०० टक्क्यांपर्यंतची गुंतवणूक रिझर्व्ह बँकेच्या वेगळ्या मंजुरीशिवाय होते. नेटवर्थ शेवटच्या ऑडिट झालेल्या ताळेबंदावरून धरतात आणि तो ताळेबंद १८ महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. बँकेत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म) द्यायचा, बँकेमार्फत त्या गुंतवणुकीचा यूआयएन क्रमांक घ्यायचा आणि मगच पैसे पाठवायचे. हा क्रम उलटला की ते उल्लंघन ठरतं. त्या यूआयएनचे पुढचे सगळे व्यवहार एकाच एडी (परकीय चलनाचे व्यवहार करायची परवानगी असलेल्या) बँकेतून करावे लागतात, म्हणून शाखा विचार करून निवडा. परकीय चलनाचा डेस्क नसलेल्या शाखेत फाईल पुण्या-मुंबईला जाते आणि आठवडे मोडतात.

पैसे गेल्यापासून ६ महिन्यांत गुंतवणुकीचा पुरावा बँकेला द्यायचा. त्यानंतर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक कामगिरी अहवाल, म्हणजे एपीआर. तो राहिला तर विलंब शुल्क ७,५०० रुपये. रक्कम फार नाही, पण अहवाल थकलेला असेपर्यंत त्या कंपनीत पुढचा पैसा घालता येत नाही. तिथल्या गोदामवाल्याला तुमच्या फर्मने हमी दिली तर तीही गुंतवणुकीच्या मर्यादेत मोजली जाते आणि तिचाही फॉर्म एफसी लागतो. फर्मचं कर्जखातं एनपीए (थकीत) असेल तर आधी त्या बँकेचं ना-हरकत पत्र घ्यावं लागेल.

भागीदाराच्या वैयक्तिक खात्यातून भांडवल पाठवायचा मोह नको. तो एलआरएस (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) होतो: वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा आणि १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो आयकर. जीएमबीएचच्या किमान भांडवलाचे २५ हजार युरोच त्या १० लाखांच्या पलीकडे जातात. टीसीएस रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर खेळतं भांडवल अडकतं. शिवाय शेअर फर्मचे की भागीदाराचे, हा घोळ कायमचा मागे लागतो. 'तिथला पाहुणा भरेल, आपण नंतर देऊ' हे तर अजिबात नको.

आणखी एक. जीएमबीएच झाली की तिला विकलेल्या प्रत्येक कास्टिंगवर ट्रान्सफर प्रायसिंग लागतं, म्हणजे आपल्याच कंपनीला लावलेला भाव बाजारभावाला धरून आहे हे आयकर खात्याला दाखवावं लागतं. त्याच्या सीए अहवालाला उलाढालीची किमान मर्यादा नाही.

मसुदा_आणि_मुद्दा

आता जर्मन बाजू. जीएमबीएचची स्थापना नोटरीसमोरच होते. तिथला नोटरी म्हणजे आपल्याकडचा शिक्का मारणारा नोटरी नव्हे. तो कायदेतज्ज्ञ असतो, मसुदा तयार करतो, वाचून दाखवतो आणि व्यापारी नोंदवहीत अर्जही तोच दाखल करतो. त्याची फी कायद्याने ठरलेली असते आणि देशभर सारखी, तिथे घासाघीस नाही. पण तो तटस्थ असतो, तुमची बाजू घेत नाही.

यातून तुमच्या फीचा निम्मा प्रश्न सुटतो. शेअरधारक एकटाच असेल तर घटनापत्र सोपं असतं आणि नोटरीचा मसुदा बहुधा पुरतो. वकिलाचे महागडे तास तिथे घालवू नका. वकील लागतो तो तीन कागदांसाठी: तिथल्या संचालकाचा करार, गोदामाचा करार आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे ग्राहकासोबतचा पुरवठा करार.

पुरवठा करारावर इतका जोर का, तर आज तुम्ही भारतातून विकता आणि उद्या तुमची जर्मन कंपनी जर्मन कंपनीला विकणार. मग सगळा व्यवहार जर्मन कायद्याखाली येतो. २०१८ पासून तिथे असा नियम आहे की सदोष भाग दुसऱ्या वस्तूत बसवलेला असेल, तर तो काढून नवा बसवण्याचा खर्चही विक्रेत्यावर येतो, आणि हे दोन व्यापाऱ्यांमध्येही लागू आहे. कास्टिंगची किंमत किरकोळ असेल, पण पंप उघडायचा, क्रेन आणायची, हा खर्च वेगळाच. कराराने त्याला कमाल मर्यादा घालता येते का, हे वकिलाला विचारायचं. मर्यादेचं कलम छापील अटींमध्ये टाकलं तर जर्मन न्यायालयं ते दोन व्यापाऱ्यांमध्येही रद्द ठरवू शकतात, म्हणून ते खरोखर वाटाघाटी करून ठरवावं लागतं आणि त्या वाटाघाटीचे ईमेल जपून ठेवावे लागतात. तसंच माल मिळाल्यावर ग्राहकाने लगेच तपासून दोष कळवला पाहिजे असा तिथल्या व्यापारी कायद्याचा नियम आहे. मोठे ग्राहक क्वालिटी ॲग्रीमेंटमध्ये हळूच तो काढून टाकतात. ते ॲग्रीमेंट वकिलाने वाचल्याशिवाय सही नको. प्रॉडक्ट लायबिलिटीच्या (सदोष मालाने झालेल्या नुकसानीच्या जबाबदारीच्या) विमा कंपनीलाही ते दाखवा, कारण कायद्यापेक्षा जास्त जबाबदारी कराराने घेतली तर विमा तेवढ्यापुरता हात वर करतो.

वकील पारखताना: जर्मनीतल्या प्रत्येक वकिलाचं नाव तिथल्या वकील परिषदेच्या अधिकृत ऑनलाइन यादीत असतं. तिथे नसेल तर विषय संपला. नावापुढे व्यापार आणि कंपनी कायद्याचा विशेषज्ञ ही पदवी असेल तर उत्तम. ती आपणहून लावता येत नाही, परीक्षा आणि हाताळलेल्या प्रकरणांचा पुरावा दिल्यावरच वकील मंडळ ती देतं. मग पहिल्याच ईमेलमध्ये लेखी विचारा: आमच्या ग्राहकाचं काम तुमची फर्म करते का? (लहान गावात हे हमखास निघतं, तिथल्या मोठ्या कारखान्याचे वकील तेच असतात.) प्रत्यक्ष काम कोण करणार, भागीदार की कनिष्ठ? भारतीय शेअरधारक असलेली जीएमबीएच आधी केली आहे का, आणि बँक खातं कोणत्या प्रकारच्या बँकेत उघडलं?

तासाच्या फीला घाबरू नका, कामाची हद्द मोकळी सोडण्याला घाबरा. प्रत्येक कागदासाठी वेगळा अंदाज मागा आणि तो ओलांडण्याआधी लेखी परवानगी घ्यावी अशी अट घाला. वेळ ६ मिनिटांच्या टप्प्याने मोजतात की १५, हेही ठरवून घ्या. दोन ओळींच्या ईमेलला पाव तास लागला की महिनाअखेरीस फरक दिसतो.

मुंबईच्या सल्लागाराबद्दल इतकंच विचारा: वकीलपत्र कोणाच्या नावाने होणार? वकिलाचा अशील सल्लागार असेल तर वकील त्याला बांधील राहील, तुम्हाला नाही. आणि भाड्याचा संचालक घेऊ नका. जीएमबीएचचा संचालक एकच असेल तर त्याला एकट्याने कंपनीला बांधून घालणाऱ्या सह्या करता येतात. अंतर्गत बंधनं घातली तरी बाहेरच्या पार्टीवर ती चालत नाहीत.

निर्यात_डेस्क_गोकुळ_शिरगाव

दादा, आधी एक बघा: ग्राहकाला कंपनी पाहिजे की फक्त जवळचा स्टॉक? स्टॉकच पाहिजे असेल तर त्यांच्याच आवारात कन्साइनमेंट स्टॉक (उचलेपर्यंत मालकी तुमचीच असलेला माल) ठेवून, जर्मनीत फक्त व्हॅट नोंदणी करून काम होऊ शकतं. गोदामामुळे तिथे कायम आस्थापना (करासाठी तुमचं तिथलं कायमचं ठिकाण) ठरून आयकर लागतो का, एवढं तिथल्या कर सल्लागाराकडून लेखी घ्यायचं. हे काम वकिलाचं नसून कर सल्लागाराचं, तिथे तो वेगळा परवानाधारक व्यवसाय आहे.

कंपनीऐवजी तिथे कमिशन एजंट नेमा असंही कोणी सुचवेल. पण युरोपीय कायद्यानुसार एजंटचा करार संपवला की त्याला भरपाई द्यावी लागते. जर्मनीत ती सरासरी एका वर्षाच्या कमिशनपर्यंत जाते आणि आधीच करारात 'भरपाई नाही' लिहून ती टाळता येत नाही.

स्वतःची जीएमबीएच आयातदार झाली की दोन ओझी तिच्याकडे येतात. पहिलं, युरोपात माल आणणारा आयातदार प्रॉडक्ट लायबिलिटीसाठी उत्पादकासारखाच धरला जातो. दुसरं सीबॅम, म्हणजे युरोपात आणलेला माल बनवताना निघालेल्या कार्बनचा हिशेब. १ जानेवारी २०२६ पासून त्याचा अंतिम टप्पा सुरू झाला. वर्षाला ५० टनांपर्यंतच्या आयातदाराला सूट आहे, पण कास्टिंगचे ५० टन म्हणजे काहीच नाही. तुमचा एचएस कोड (कस्टम्समधला मालाचा वर्गीकरण क्रमांक) सीबॅमच्या यादीत आहे का ते आधी बघा. ७३०७ मधली पाइप फिटिंग येतात, तर ८४१३ खाली जाणारे पंपाचे भाग येत नाहीत. कोडवरच सगळं अवलंबून आहे, तेव्हा कस्टम्स सल्लागाराला ड्रॉइंग दाखवूनच ठरवा.

शिरोली_कास्टिंग

मोठीच मदत झाली. ग्राहकाला युरोपातलं बिलच हवं आहे, त्यामुळे कंपनी लागणारच. दोन शंका: फर्मच्याच नावाने शेअर घ्यावेत की आधी एलएलपी करावी? आणि सहीसाठी दोघा भागीदारांना जर्मनीला जावं लागेल का?

मसुदा_आणि_मुद्दा

जावं लागेलच असं नाही. पॉवर ऑफ अटर्नीवर स्थापना होते, पण ती साध्या सहीची चालत नाही, प्रमाणित लागते. इथे लोक अडकतात. कोर्टाजवळच्या नोटरीचा शिक्का घेऊन त्यावर अपोस्टिल (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणूनचं सरकारी प्रमाणपत्र) लावतात आणि जर्मन नोटरी ते परत पाठवतो. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल करारात आहे, पण जर्मनीने त्या वेळी भारताबद्दल हरकत घेतली होती. म्हणून मसुदा जर्मन नोटरीकडून मागवायचा आणि मुंबईच्या जर्मन वकिलातीत वेळ घेऊन अधिकाऱ्यासमोर सही करायची. पासपोर्ट सोबत लागतो. सही घरी करून नेऊ नका, ती त्यांच्यासमोरच व्हायला हवी.

स्थापनेची सही झाल्यापासून नोंदवहीत नाव चढेपर्यंत कंपनीच्या नावाने ऑर्डर किंवा गोदाम घेऊ नका. त्या काळातल्या व्यवहाराला तो करणारा माणूस स्वतः जबाबदार धरला जातो. भांडवलापैकी किमान १२,५०० युरो नोंदणी अर्जाआधी खात्यात दिसावे लागतात. खातं उघडायलाच सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून बँकेशी बोलणी नोटरीच्या तारखेआधी सुरू करा.

राजारामपुरी_सीए

एलएलपी करायची असेल तर आताच, यूआयएन घेण्याआधी करा. भारतीय भागीदारी फर्म ही भागीदारांपासून वेगळी कायदेशीर व्यक्ती नसते, त्यामुळे जर्मन नोटरी आणि बँक शेअरधारक नेमका कोण, हे विचारत राहतात. एलएलपीला स्वतंत्र अस्तित्व आहे आणि नोंदणी एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) साइटवर कोणालाही तपासता येते. नंतर बदललं तर यूआयएन, शेअरधारकांची यादी, बँकेचं केवायसी, सगळं पुन्हा.

वकिलाचं पहिलं बिल येण्याआधी टीडीएसचं ठरवून घ्या. त्यांच्याकडून कर रहिवासी प्रमाणपत्र मागवा, नाहीतर परदेशी पैसे पाठवताना भरायच्या आयकर फॉर्मांपाशी काम अडेल. करारात 'फी सर्व कर वगळून' असं लिहिलं असेल तर तो टीडीएस तुमच्या खिशातून जातो. परदेशी वकिलाच्या फीवर इथे रिव्हर्स चार्जने, म्हणजे सेवा घेणाऱ्या तुम्हालाच, १८ टक्के जीएसटीही भरावा लागतो. नोंदणीकृत असाल तर त्याचं क्रेडिट मिळतं.

हुपरी_चांदी

याच धाग्यात विचारतो. दुबईत दागिन्यांचं दुकान-कम-ऑफिस काढायचं तर हेच सगळं लागू होतं का?

निर्यात_डेस्क_गोकुळ_शिरगाव

फेमाची बाजू तीच. तिकडची वेगळी. यूएई हेग अपोस्टिल करारात नाही, त्यामुळे तुमच्या कंपनीच्या कागदांना चेंबर ऑफ कॉमर्स, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास आणि शेवटी तिथलं परराष्ट्र खातं अशी साखळी लागते. लायसन्स काढून देणारे तिथे भरपूर आहेत आणि साध्या लायसन्सला ते पुरतात. पण ते वकील नाहीत, करार त्यांच्याकडून करून घेऊ नका. दुबईत कायदेशीर सल्लागाराला सरकारच्या विधी विभागाची नोंदणी लागते, ती मागून बघा.

दुकानात गिऱ्हाईक घ्यायचं असेल तर फ्री झोनचं (खास व्यापारी क्षेत्राचं) स्वस्त पॅकेज घेऊ नका, बाजारात विकायला मेनलँड, म्हणजे त्या क्षेत्राबाहेरच्या शहराचं, लायसन्स लागतं. बहुतेक धंद्यांत २०२१ पासून तिथे १०० टक्के मालकी परदेशी माणसाला मिळते, तेव्हा 'स्थानिक भागीदार लागतोच' म्हणणाऱ्याला नियम दाखवायला सांगा. आणि चांदी-सोन्याच्या व्यापाऱ्याला तिथे मनी लाँडरिंगविरोधी वेगळी नोंदणी करावी लागते. पॅकेजच्या कागदात ती धरली आहे का ते वाचा, कारण तिच्याशिवाय बँक खातं अडतं.