मदत हवी आहे: क्लीन केल्यावर हार्ड डिस्क गायब झाली

नमस्कार मंडळी, कालपासून डोकं काम करेनासं झालंय म्हणून विचारतोय. बाबांच्या जुन्या डेस्कटॉपला दोन हार्ड डिस्क आहेत, एक २५६ जीबीची एसएसडी ज्यावर विंडोज १० आहे आणि दुसरी १ टीबीची साधी. मला पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचा होता, तो नीट होत नव्हता म्हणून डिस्कपार्टमध्ये (विंडोजचं कमांड टाइप करून डिस्क हाताळायचं टूल) जाऊन सिलेक्ट डिस्क १ केलं आणि क्लीन दिलं, पण डिस्क १ म्हणजे ती १ टीबीवाली निघाली, पेनड्राइव्ह डिस्क २ होता. साइज बघायला हवी होती, घाईत राहून गेलं.

आता धिस पीसीमध्ये डी ड्राइव्ह दिसतच नाही. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीचा सेटिंगचा स्क्रीन) मात्र नाव बरोबर येतंय, साटा केबल आणि पोर्ट बदलूनही बघितलं, फरक शून्य. डिस्क मॅनेजमेंट उघडलं की नॉट इनिशियलाइज्ड (म्हणजे डिस्क वापरासाठी तयार केलेली नाही) दाखवतं आणि एमबीआर की जीपीटी (पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती) असं विचारतं, मी कॅन्सल करून बाहेर आलो.

त्यात ताईच्या लग्नाचे सगळे फोटो आहेत हो, आजी आता नाहीये, तिचे शेवटचे फोटो तेच. मी क्लीन ऑल (सगळी डिस्क पुसणारी कमांड) नव्हतं दिलं, नुसतं क्लीन, म्हणजे पार्टिशनची माहिती गेली पण डेटा अजून जागेवर असेल ना? इनिशियलाइज करू की आधी टेस्टडिस्कने (हरवलेलं पार्टिशन शोधायचं सॉफ्टवेअर) जुनं पार्टिशन शोधू? की दुसऱ्या डिस्कवर पूर्ण इमेज (हुबेहूब कॉपी) काढून मग त्यावरच प्रयत्न करू? सध्या पीसी बंद करून ठेवलाय. कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज नीट स्टेप सांगा.