खाडीचं खारं पाणी अडवणारा खारबांध फुटला, आत तिवरं (खारफुटी) उगवली. आता बांध पुन्हा घालायचा का?

खाडीकाठ
पेण-अलिबागकडे बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली की दर उधाणाला खारं पाणी शेतात शिरतं आणि काही वर्षांत तिवरांचं रान उभं राहतं. माझ्या मते ते तसंच राखावं. चिंबोरी, कोळंबी, बोय यांची पिल्लं तिथंच वाढतात, मागच्या बांधावर लाटांचा मारा कमी बसतो. एकरी भाताच्या उत्पन्नाशी हे सगळं ताडून पाहा. शिवाय उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार जमीन खासगी असली तरी खारफुटी तोडता येत नाही.

राताभात
ताडून पाहिलं. पण पैसा कुणाच्या हातात पडतो? बोय खाडीत मोठी होते, पकडतो दुसराच. वनजमीन दुसऱ्या कामाला वळवताना भरायचा एनपीव्ही, म्हणजे जंगलाचं ठरवलेलं मोल, २००८ मध्ये हेक्टरी ४.३८ ते १०.४३ लाख ठरला, पुढे वाढलाही. तो सरकारी निधीत जातो. सातबारावर नाव असलेल्याला छदाम नाही. आणि खारशेती म्हणजे काही उजाड माळ नव्हे. भात होता, जिताडा माशाची तळी होती. खांड हातभर असताना भरली असती तर हा वादच नव्हता.

उघाडी
बांध घातला की लगेच भात पिकेल, असं कुणी धरून चालू नये. आधी उघाडी, म्हणजे बांधातली पाणी बाहेर सोडायची मोरी, दुरुस्त हवी. तिचं दार ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतं, भरतीला बाहेरच्या रेट्याने मिटतं. फटीत एक ओंडका अडकला तरी रात्रीच्या भरतीत शेत खारं. मग पावसाचं पाणी खाचरात तुंबवायचं, क्षार विरघळले की ओहोटीला सोडायचं, पुन्हा तुंबवायचं. मातीची विद्युतवाहकता (खारेपणाचं माप) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर साधं बियाणं पेरू नका, पनवेल-३ सारखा खार सोसणारा वाण घ्या. खेकड्यांची बिळं वेळच्या वेळी बुजवली नाहीत तर पुढची खांड तिथूनच पडते.

राताभात
मान्य. म्हणूनच म्हणतो, बांध घाला आणि बदल्यात बाहेरच्या चिखलावर कांदळाच्या (खारफुटीतल्याच एका झाडाच्या) शेंगा लावा.

खाडीकाठ
तिथंच फसतं. बाहेरचा चिखल सखल, भरतीचं पाणी फार वेळ राहतं. रोपं बुडून मरतात, नाहीतर कालवं चिकटून आडवी होतात. वर शिंपल्या वेचायची जागा जाते ती जातेच. आणि बांधाने भरती तोडलीत की आतल्या तिवरांची श्वासमुळं तुंबलेल्या पाण्यात गुदमरतात. कोयता न लावताही ती तोडच झाली.

राताभात
मग रान राखण्याचं दरसाल भाडं जमीनमालकाला द्या. ते मिळेपर्यंत बांधाची मागणी सोडणार नाही.