मदत हवी आहे: गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या बाबांना राजस्थानचे किल्ले दाखवायचेत, गाडी नेमकी कुठपर्यंत जाते?

सांजवारा:
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उदयपूर, चित्तोड, कुंभलगड, जोधपूर, जयपूर असा बेत आहे. बाबा पंचाहत्तरीला आलेत, दोन्ही गुडघे बदललेले. सपाटीवर आरामात चालतात. जिना चढतात, पण कठडा लागतो. खरी पंचाईत उतरताना होते, त्यातून पायरी उंच असली की अडतातच. रायगड रोपवेने झाला, तेव्हापासून "आता चित्तोड" हा घोषा चालू आहे. राणा कुंभा, राणा सांगा सगळं तोंडपाठ, त्यामुळे नुसतं पायथ्याला बसवून चालणार नाही.

टूरवाल्याला विचारलं तर "सब जगह गाडी जाती है मॅडम". गाडी जाते हो, पण थांबते कुठे आणि पुढे काय, ते कोणी सांगत नाही. वयस्कर माणसांना घेऊन जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा. एखादं ठिकाण गाळायचं झालं तर कुठलं?

घाटमाथा:
चित्तोड अजिबात गाळू नका. तुमच्या यादीत बाबांना सगळ्यात सोपा तोच. गाडी सातही पोल (म्हणजे दरवाजे) ओलांडून थेट माथ्यावर जाते. वरचा पसारा प्रचंड आहे, तटाचा घेरच साधारण १३ किलोमीटर, त्यामुळे धडधाकट माणसंही एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गाडीनेच जातात. कुंभा महाल पडका आहे, दगड ओबडधोबड, तिथे हात धरा. विजयस्तंभ बाहेरूनच बघा. नऊ मजली आहे, आतला जिना अरुंद आणि अंधारा. तसंही खरं काम बाहेरच्या मूर्तींत आहे, बाबा तासभर हलणार नाहीत.

कुंभलगड नेमका उलटा. गाडी राम पोलापाशी थांबते आणि तिथून बादल महालापर्यंत फरसबंदी चढ, वळणावळणाचा आणि चांगलाच तिखट. वरचा महाल राणा फतेहसिंहांच्या काळातला, म्हणजे बराच अलीकडचा. तेव्हा वर नाही गेलं तरी फार काही चुकत नाही. राम पोलातून आत शिरलं की जवळच वेदी मंदिर आहे, थोडं पुढे नीलकंठ महादेव. ३६ किलोमीटरची म्हणतात ती तटबंदीही खालूनच झकास दिसते. त्यांना तिथे रमू द्या, तुम्ही वर जाऊन या. राणा प्रताप १५४० मध्ये याच गडावर जन्मले, एवढं त्यांना पुरेल.

मुशाफिर:
जोधपूरच्या मेहरानगडाला लिफ्ट आहे, वेगळं तिकीट काढावं लागतं. पण एक गोष्ट लक्षात घ्या: लिफ्ट वर सोडते आणि संग्रहालय बघत बघत आपण खाली उतरत येतो. तुमच्या बाबांना त्रास उतरतानाच होतो म्हणताय, तेव्हा परतीलाही लिफ्टने आणतील का हे खिडकीवर आधीच विचारून घ्या. लोह पोलावरचे सतींच्या हातांचे ठसे लिफ्टच्या वाटेवर लागत नाहीत, ते बघायचे तर तो फरसबंदी चढ पायीच. हा किल्ला ट्रस्टकडे आहे, त्यामुळे चित्तोड-कुंभलगडाचं पुरातत्त्व खात्याचं तिकीट इथे चालत नाही. ऑडिओ गाइड मात्र जरूर घ्या, बसून ऐकता येतं.

जयपूरजवळच्या आमेर किल्ल्यावर हत्तीच्या भानगडीत पडू नका. मागच्या रस्त्याने जीप वर जाते. जलेब चौकातून दिवाण-ए-आमकडे जाताना मात्र खड्या पायऱ्या आहेत, त्या सावकाश. गणेश पोल, शीशमहाल झाला की वरच्या मजल्यांचा नाद सोडा आणि जयगडला न्या. तिथे गाडी वरपर्यंत जाते, बरंचसं सपाट आहे आणि १७२० ची जयबाण तोफ आहे. इतिहासवेड्या माणसाला शीशमहालापेक्षा ती जास्त आवडते, स्वानुभव!

डोंगरपायथा:
गाळायचंच तर उदयपूरचा सिटी पॅलेस गाळा. अरुंद जिने, बुटके दरवाजे, एकेरी वाट. डिसेंबरअखेर मागून माणसांचा लोंढा येत असतो, मध्ये थांबता येत नाही की मागे फिरता येत नाही. तारखा १० जानेवारीनंतर ढकलता आल्या तर फारच उत्तम.

सांजवारा:
सगळ्यांचे मनापासून आभार. तारखा हलत नाहीत, मुलांच्या सुट्ट्या. सिटी पॅलेसला उघडल्या उघडल्या जाऊन पहिला चौक बघू, गर्दी दिसली तर परत फिरू. जयगड यादीतच नव्हता, तो घातला. कुंभलगडाहून जोधपूरला जाताना वाटेत राणकपूरचं जैन मंदिर जमेल का?

घाटमाथा:
जमेल, वाटेवरच आहे. पर्यटकांना दुपारी बारानंतर आत सोडतात, म्हणून सकाळ कुंभलगडाला द्या. पुढच्या पायऱ्या चढल्या की आत सगळं संगमरवरी सपाट, १४४४ खांब. चामड्याचं काही आत नेता येत नाही, बाबांचा पट्टा आणि पाकीट गाडीतच ठेवा. आणि काठी नेणार असाल तर खालचं रबर नवीन बसवून घ्या, किल्ल्यांवरची फरशी पायांनी घासून गुळगुळीत झालेली असते.