मदत हवी आहे: मंडालेहून आणलेली चेझी घरी बद्द वाजते

मंडळी, म्यानमारच्या वाद्यांतलं कुणाला कळत असेल तर सांगा.

चेझी म्हणजे तिकडचा चपटा टोल. लिहिताना क्यीझीही लिहितात. जाड ओतीव धातूची त्रिकोणी पट्टी, वर दोरीसाठी भोक, खालची दोन्ही टोकं पीळदार मिशांसारखी वर वळलेली. (मधे उंचवटा असलेला गोल तो मौंग, तो वेगळा.) मी घेतली मंडालेच्या तंपावडीत, तिथे ओताऱ्यांची वस्तीच आहे.

मोह पडला तो यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोडावर. एका आजींनी दान करून तीन टोले दिले आणि त्या पुण्याईत सगळ्यांना वाटा म्हणून 'अह्म्या, अह्म्या, अह्म्या' म्हटलं. आसपासचे म्हणाले, 'थादु, थादु, थादु'. क्षणभराने उलगडलं, हे तर आपलं इगतपुरीच्या विपश्यना शिबिरातलं 'साधु, साधु, साधु'! गोएंका गुरुजी मूळचे मंडालेचेच की.

तर अडचण. दुकानात एक टोला दिला की पट्टी गरगर फिरायची आणि नाद लाटांसारखा जवळ यायचा, लांब जायचा. घरी हॉलच्या भिंतीवर खिळा ठोकून साखळीने टांगली, तर नुसतं 'थड्ड'. मोगरी प्रवासात हरवली, सध्या लाटणं वापरतोय (हसू नका). त्यात आईने चिंच-मीठ लावून लख्ख घासली. बॅगेत तडा गेला असेल का?

प्रतिसाद: आधी भिंतीवरून काढा! भिंत आणि साखळी मिळून नाद गिळतायत. ही फिरण्यासाठीच केलेली असते. टोला मधे नाही, टोकावर द्यायचा, म्हणजे ती गिरकी घेते. सपाट बाजू तुमच्याकडे वळली की नाद भरतो, कड आली की ओसरतो. तुमच्या लाटा त्याच. एकाच सुती दोरीवर, चहूबाजूंनी हातभर मोकळी टांगा. तडा असेल तर तरीही चिरकेल, मडकं वाजवून घेतो तसं कळतंच. चिंचेने आवाज जात नाही, फक्त जुना रंग गेला. काकूंना बोलू नका.

धागाकर्ता: झोपाळ्याच्या कडीला टांगली. पहिल्याच टोल्याला तीन गिरक्या, आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली! चिरकत नाही. लाटणं मात्र तिने काढून घेतलंय. मोगरी कुठल्या लाकडाची करून घेऊ? सुतार सागवान म्हणतोय.